लोणावळ्याचे सातशे जण आणि एक जंतुशास्त्रज्ञ

प्रश्न : मी लोणावळ्याचा, रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. ग्रंथालयात एक जुना इंग्रजी विश्वकोश चाळत होतो. त्यातल्या प्लेगवरच्या नोंदीत हाफकिन यांच्या लशीचे आकडे आहेत आणि त्यात ‘लानौली, १८९७’ असा उल्लेख आहे. हे आपलंच लोणावळं का? शाळेत आम्ही हाफकिन एका ओळीत शिकलो. माझी नात संख्याशास्त्र शिकते. ती म्हणते, त्यांचं नाव तिच्या विषयाच्या इतिहासातही येतं. जंतूंवर काम करणाऱ्या माणसाचा संख्याशास्त्राशी संबंध काय?
— एक वाचक, लोणावळा

उत्तर : होय, ते आपलंच लोणावळं. बोरघाटाच्या माथ्यावरचं, मावळ तालुक्यातलं. १८६३ साली घाटातून आगगाडी सुरू झाली, मागोमाग जीआयपी रेल्वेचा कारखाना आला आणि गाव वाढलं. मुंबई-पुणे अशी जी ये-जा होई ती सगळी इथूनच. त्यामुळे १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून निघाली, तेव्हा रोग घाट चढून येणार हे ठरलेलंच होतं.

आधी आकडे पाहू. लोणावळ्यातल्या ज्या ७०० माणसांचा हिशेब ठेवला गेला, त्यांपैकी ३२३ जणांनी लस टोचून घेतली, ३७७ जणांनी घेतली नाही. टोचलेल्यांपैकी १४ जणांना प्लेग झाला, ७ दगावले. न टोचलेल्यांपैकी ७८ जणांना झाला, ५७ दगावले. म्हणजे एका बाजूला शंभरात दोन मृत्यू, दुसऱ्या बाजूला शंभरात पंधरा. त्याच वर्षी त्याच रेल्वेमार्गावरच्या खडकी छावणीतही असाच हिशेब झाला. तिथे टोचलेल्या ६७१ पैकी ३२ जणांना प्लेग झाला आणि न टोचलेल्या ८५९ पैकी १४३ जणांना. पोर्तुगीजांच्या दमणमध्ये टोचलेल्या २,१९७ पैकी ३६ मेले, न टोचलेल्या ६,०३३ पैकी १,४८२. दमणचे आकडे मोठे म्हणून तेच जास्त उद्धृत होतात. लोणावळ्याचे आकडे लहान आहेत, पण तुमच्या नातीला कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतील असे आहेत. ते पुढे करूच.

आधी या माणसाविषयी थोडं सांगतो. वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदरातला, ज्यू कुटुंबातला. शिक्षण प्राणिशास्त्राचं, गुरू मेचनिकॉव्ह. ते वैद्य नव्हते, आणि ही गोष्ट हिंदुस्थानातल्या इंग्रज डॉक्टरांनी त्यांना कधी विसरू दिली नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते शिरले तेही साहाय्यक ग्रंथपाल म्हणून. पहिलं महत्त्वाचं काम माणसाच्या रोगावर नव्हतंच. डबक्याच्या पाण्यात सापडणाऱ्या पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या केंद्रकात शिरून राहणारा एक परजीवी त्यांनी १८९० साली वर्णन केला आणि त्याला होलोस्पोरा हे नाव दिलं. त्याच्या जातीही त्यांनी वेगळ्या काढल्या. कुणी पॅरामेशियमच्या मोठ्या केंद्रकात घर करते, कुणी लहान केंद्रकात. आज होलोस्पोरा हा जीवाणू म्हणून ओळखला जातो आणि यजमान व परजीवी एकमेकांना कसे बदलवत नेतात, याचे उत्क्रांतिशास्त्रातले प्रयोग त्याच्यावर चालतात. लशींशी काहीही संबंध नसलेल्या विषयात १३० वर्षांनंतरही त्यांनी दिलेलं नाव वापरात आहे. मला ही गोष्ट प्लेगच्या लशीइतकीच मोलाची वाटते, पण पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत ती मावत नाही.

मग कॉलरा. जुलै १८९२ मध्ये त्यांनी आपली कॉलऱ्याची लस पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. १८९३ पासून कलकत्त्यात आणि उत्तर हिंदुस्थानात ती हजारोंना दिली. ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने त्यांना प्लेगसाठी मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, काख दुखली, माणूस बरा झाला.

ती करण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. जंतू वाढवायला मांसाचं पाणी लागतं. युरोपात सर्रास गोमांस वापरत. हाफकिन यांनी बोकडाचं मांस घेतलं, कारण गाय आणि डुक्कर दोन्ही इथे चालणार नव्हतं. पाण्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतूंच्या वसाहती झुंबरासारख्या खाली लोंबत. फ्लास्क हलवला की त्या गळून तळाशी जात आणि वर नव्या धरत. पाच-सहा आठवड्यांनी सगळं उष्णतेने मारायचं, थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं आणि बाटल्या भरायच्या. मेलेले जंतू शरीरात गेले की शरीर त्यांची ओळख ठेवतं, रोग मात्र होत नाही. आपल्या घरातलं तूप प्रयोगशाळेत गेल्यामुळे प्लेगचा जंतू ओळखण्याची एक सोपी खूणही हाती आली, कारण असा लोंबता वाढणारा जंतू सहसा प्लेगचाच असे.

आता संख्याशास्त्राकडे. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे.

लस देऊन माणूस वाचला, तर तो लशीमुळे वाचला हे कशावरून? कदाचित त्याला रोग होणारच नव्हता. हाफकिन यांच्या आधी लशी होत्याच. पाश्चर यांची रेबीजची लस जगभर गाजत होती. पण हाफकिन यांनी जे सातत्याने केलं ते असं : टोचलेल्यांची मोजदाद करायची तशीच त्याच वस्तीतल्या, त्याच काळातल्या न टोचलेल्यांचीही करायची. कलकत्त्याच्या वस्त्यांत कॉलऱ्याच्या वेळी त्यांनी हे सुरू केलं. भायखळ्याच्या तुरुंगात जानेवारी १८९७ अखेरीस कैद्यांपैकी स्वखुशीने पुढे आलेल्यांना टोचलं. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेलं कुणीच नाही. तुरुंगाचा फायदा असा की सगळे एकाच छताखाली, एकच जेवण, एकच उंदीर. तोटा असा की बाहेरचं जग तुरुंगासारखं नसतं. म्हणून दमण, खडकी, लोणावळा. खरी गावं, खऱ्या पेठा.

नातीला आता हे करायला सांगा. लोणावळ्यात ७०० पैकी एकूण ६४ माणसं मेली. समजा, लशीचा काहीच उपयोग नव्हता. मग हे ६४ मृत्यू दोन्ही गटांत त्यांच्या आकाराप्रमाणे वाटले गेले असते. ३२३ जणांच्या वाट्याला साधारण ३० आले असते. प्रत्यक्षात आले ७. हा फरक नुसत्या योगायोगाने पडेल का? हे तपासण्याची काय-वर्ग कसोटी कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडली, म्हणजे लोणावळ्याच्या साथीनंतर तीन वर्षांनी. ती या आकड्यांना लावली तर उत्तर ३५ च्या आसपास येतं. योगायोग नाही म्हणायला ४ पेक्षा थोडं कमी असलं तरी पुरतं.

योगायोग बाद झाला, पण तेवढ्याने लस सिद्ध होत नाही. लोणावळ्यात टोचून घ्यायला कोण पुढे आलं असेल? साहेबाच्या हाताखालचा कारकून की वाडीवरचा मजूर? ज्याला आधीच अंगात कणकण होती, तो आला असेल का? आला नसेल तर तो आपोआप ‘न टोचलेला’ मोजला गेला, आणि दोन दिवसांनी मेला तर तो मृत्यूही त्याच रकान्यात पडला. शिवाय टोचणी एका दिवसात होत नाही. टोचणी सुरू होण्याआधी किंवा आपली पाळी येण्याआधी जो मेला तो कुठल्या गटातला? असे प्रश्न लोणावळ्याच्याच नव्हे, त्या काळच्या प्रत्येक आकडेवारीला विचारता येतात. हिंदुस्थान सरकारच्या प्लेग कमिशनने ते विचारलेही. त्याने हाफकिन यांच्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि तरीही निष्कर्ष काढला की लशीने रोग होण्याचं आणि मरण्याचं प्रमाण नक्की घटतं, मात्र संरक्षण पूर्ण नाही. हा निष्कर्ष मला आजही नेमका वाटतो. लोणावळ्यातही टोचलेल्यांपैकी ७ गेलेच ना.

हाफकिन यांनाही ही उणीव दिसत होती. जानेवारी १८९८ मध्ये उमरखाडीच्या तुरुंगात त्यांनी स्वखुशीची अट सोडून कैद्यांतल्या साधारण निम्म्यांना टोचलं. आणि फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंधेरा गावी त्याहून पुढची गोष्ट केली. घरोघरचं एकेक कुटुंब समोर बोलावलं आणि प्रत्येक घरातल्या सुमारे निम्म्या माणसांना टोचलं, वय आणि प्रकृती दोन्हीकडे सारखी पडेल असं बघून. सहा आठवड्यांनी चौकशी झाली तेव्हा २८ कुटुंबांत प्लेग येऊन गेला होता. त्या घरांतल्या न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला होता आणि २६ मेले होते. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसं. लोणावळ्याला विचारलेले बहुतेक प्रश्न उंधेऱ्याला विचारता येत नाहीत.

दुसराच एक प्रश्न मात्र येतो, आणि तो गिळून पुढे जाणं मला जमत नाही. भायखळा, दमण, खडकी, लोणावळा यांचे आकडे हाती असताना अर्ध्या घराला मुद्दाम लशीविना ठेवणं योग्य होतं का? आजची कुठलीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही. कैद्यांवरच्या प्रयोगाला तर नाहीच. उंधेऱ्याच्या त्या २६ जणांमुळे विज्ञानाला खात्री मिळाली, हे खरं. त्यांना कुणी विचारलं होतं का, हे कागदोपत्री दिसत नाही.

पुढचा धागा लंडनला जातो. हाफकिन यांच्या कॉलऱ्याच्या कामावरून स्फूर्ती घेऊन ॲल्मरॉथ राइट यांनी १८९६ मध्ये विषमज्वराची मारलेल्या जंतूंची लस केली. ती ब्रिटिश सैन्याला दिली गेली आणि तिच्या आकड्यांवरून वाद पेटला. १९०४ मध्ये पिअर्सन यांनी वेगवेगळ्या पलटणींचे आकडे एकत्र करून तपासले. अनेक अभ्यास एकत्र जोडून एक उत्तर काढण्याच्या पद्धतीची ही सुरुवात मानतात. त्यांची सूचना अशी होती की स्वखुशीने आलेल्यांची यादी करा आणि त्यातल्या एकाआड एकालाच टोचा. उमरखाडीची आठवण येते की नाही? १९१५ मध्ये मेजर ग्रीनवूड आणि उडनी यूल यांनी विषमज्वर आणि कॉलऱ्याच्या लशींचे आकडे घेऊन एक लांबलचक निबंध लिहिला. ‘मेजर’ हे ग्रीनवूड यांचं नाव आहे, हुद्दा नव्हे. दोन गटांची तुलना ग्राह्य कधी, याच्या त्यांनी तीन अटी घातल्या. गट सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे हवेत. दोघांनाही रोगाचा धोका सारखा हवा. आणि कुणाला टोचलं व कुणाला रोग झाला, या दोन गोष्टी एकमेकींवर न अवलंबता ठरवलेल्या हव्यात. लोणावळ्याच्या ७०० जणांना या अटी लावून बघा, कुठे उणं पडतं ते लगेच कळतं.

ग्रीनवूड यांच्या हाताखाली ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल तयार झाले. १९४८ मध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी प्रसिद्ध झाली, ती त्यांनी आखली होती. कुणाला औषध आणि कुणाला नाही, हे बंद पाकिटांतल्या यदृच्छ क्रमाने ठरवलं. डॉक्टरचा हात निवडीतून पूर्ण काढून घेतला. ५५ जणांना औषध मिळालं, त्यांतले ४ सहा महिन्यांत मेले. न मिळालेल्या ५२ पैकी १४ मेले. उंधेऱ्याचा नैतिक पेच इथे तितका नव्हता, कारण औषध सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतंच. आज कुठलीही नवी गोळी बाजारात येण्याआधी ज्या चाचण्यांतून जाते, त्या या पाकिटांच्या वंशातल्या. पुढे हेच स्ट्रेप्टोमायसिन मावळच्या वेशीवर पिंपरीला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. आणि प्लेगवर जी औषधं खरोखर लागू पडतात, त्यांतलं एक हेच.

हाफकिन यांनी एकट्याने हे सगळं घडवलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पिअर्सन, ग्रीनवूड, हिल आपापल्या वाटेने तिथे पोचले असतेच. पण त्यांच्यापुढे तपासायला आकडे आले ते जंतुशास्त्रज्ञांनी गावोगाव फिरून गोळा केलेले होते. टेबलाशी बसून संख्याशास्त्र तुलनेच्या अटी ठरवत होतं तेव्हा त्याच्यापुढे कॉलरा आणि विषमज्वराच्या टोचण्या होत्या. आणि ‘न टोचलेले किती?’ हा प्रश्न त्या वह्यांत लिहिण्याची सवय ज्यांनी लावली, त्यांत हाफकिन पहिल्या रांगेत होते.

उपप्रश्न : इतका गुण दिसत असूनही लोक टोचून घेत नव्हते, असं आजोबा सांगत. ते का?
— एक वाचक, कामशेत

उत्तर : त्यांचं बरोबर होतं. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला आणि पुण्यात रँडसाहेबांच्या देखरेखीखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. गाठ दिसली की माणूस इस्पितळात आणि घरातली इतर मंडळी छावणीत. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हाफकिन यांच्या लशीची सक्ती नव्हती आणि तिचा झडत्यांशी संबंधही नव्हता. पण लोकांना सरकारी सुई आणि सरकारी संगीन वेगळी कशी वाटावी? त्यात टोचल्यावर दोन दिवस ताप येई. हातावर पोट असलेल्याला दोन दिवसांचा रोज बुडणं परवडत नाही. याउलट मुंबईत खोजा समाजात आगाखानांनी सर्वांसमोर स्वतः टोचून घेतलं आणि हजारो लोक पुढे आले. आपला माणूस आधी टोचून घेतो, यापेक्षा मोठी जाहिरात नाही. गावाकडे मात्र शहाणी माणसं आणखी एक गोष्ट करत : उंदीर पडायला लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालत. प्लेग पसरवण्यात उंदरावरच्या पिसवेचा हात असतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं आणि परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि सहकाऱ्यांनी पुढे पक्कं केलं. माळावर जाणाऱ्या मावळकऱ्याला ते आधीच अनुभवाने कळलं होतं.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले आणि अविश्वासाला कारण मिळालं. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि त्यांना पदावरून दूर केलं गेलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला, हे पुढे आलं. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये लिहून त्यांची बाजू मांडली. हाफकिन परत हिंदुस्थानात आले, पण मुंबईला नाही, कलकत्त्याला. १९३० मध्ये लोझानला त्यांचं निधन झालं. परळच्या त्याच प्रयोगशाळेला त्यांचं नाव १९२५ मध्येच, म्हणजे हयातीत मिळालं होतं, एवढं समाधान.

उपप्रश्न : प्लेगची लस आज घ्यावी का?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : नाही. मारलेल्या जंतूंची ती जुनी लस आता सर्वसामान्यांसाठी वापरात नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात मामल्याला आणि पाठोपाठ सुरतेला प्लेगने डोकं वर काढलं तेव्हा भिस्त होती ती प्रतिजैविकांवर, उंदीर-पिसवांच्या बंदोबस्तावर आणि रोगी लवकर ओळखण्यावर. वेळेत औषध मिळालं तर प्लेग बरा होतो.

लोणावळ्याच्या वाचकांना एक विनंती. टोचून घेणाऱ्यांना त्या काळी छापील दाखले मिळत आणि साथीच्या निर्बंधांत ते उपयोगी पडत. मावळात कुणाच्या पेटाऱ्यात १८९७-९८ चा असा दाखला, रेल्वेचा किंवा नगरपालिकेचा त्या वेळचा कागद सापडला, तर त्याचं छायाचित्र काढून ठेवा आणि जवळच्या अभिलेखागाराला कळवा. कागद मात्र लॅमिनेट करू नका, त्याने तो खराब होतो.